मायच्या तोंडाची गोधडी

मी झाशीला निघाले त्या सकाळी माझी ओटी अक्काने भरली. अक्का म्हणजे माझ्या मोठ्या काकांची, आबांची बायको. घरात बायांनी गर्दी केली होती, दारात बैलगाडी जुंपून तयार होती, आणि मला जन्म देणारी माय मागच्या गोठ्यात शेण भरत होती. कोणी तिला बोलावलं नाही. बोलावणार तरी कसं? शुभकार्याला निघालेल्या पोरीसमोर तिने यायचं नसतं, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं.

माय पाटाची. पोरवयात तिचा पहिला नवरा गेला आणि पुढे माझ्या वडिलांशी, नानांशी, तिचा पाट लागला. आमच्यात पाट चालतो, म्हणून लोक मोठ्या तोऱ्यात सांगतात. चालतो, पण कसा? अंधार पडल्यावर, घरामागे, वाजंत्री न लावता. आणि मग त्या बाईने जन्मभर हळदीकुंकवात पुढे यायचं नाही, ओटी भरायची नाही, देवाच्या चौरंगापाशी बसायचं नाही. नवरा जिवंत, कपाळाला कुंकू, तरी ती बाई अर्धीच. घरातली मोठी माणसं तिला पाटवाली म्हणायची. आबांची पोरं तर तिला कुठल्याच नात्याने हाक मारत नसत, नुसतं "ए, पाणी दे" म्हणत. आणि ती द्यायची, हे मला आजही सहन होत नाही.

गाडीत बसायच्या आधी मी मागे पळाले. तिने हात धुतले, पदराला पुसले आणि गव्हाणीवरून एक गुंडाळी काढून माझ्या काखेत कोंबली. तिचं जुनं लुगडं होतं, तपकिरी, वापरून मऊ पडलेलं. "पोर व्हयनं म्हंजे फडकी कर," म्हणाली. मी म्हटलं, स्टेशनपर्यंत तरी चल. तर म्हणाली, "मनं तोंड कोन देखस?" माझं तोंड कोण बघतंय, हे तिने सांगितलं ते पाणी संपलंय, सरपण आणायचंय, असं बाई ज्या आवाजात सांगते त्या आवाजात. रडली नाही. उलट मलाच म्हणाली, "रडू नको. तठे बी मानसंच ऱ्हातस."

धुळ्याच्या स्टेशनावर सगळे भाऊबंद पोचवायला आले होते. नाना डोळे पुसत होते. नाना चांगले होते हो, सगळे म्हणतात. त्या चांगुलपणाचं मी काय लोणचं घालू? एका शब्दाने म्हणाले असते, की पोरीची ओटी तिची माय भरेल, तर आकाश कोसळलं नसतं. म्हणाले नाहीत. चाळीसगावला गाडी बदलेपर्यंत मी नवऱ्याशी एक अक्षर बोलले नाही. त्या बिचाऱ्याला वाटलं, नवी नवरी लाजतेय.

तुम्ही जे तिकडे पांझरेकाठी राहिलात, तुम्हाला हे वाचून राग येईल. येऊ द्या. आणि तुम्ही जे माझ्यासारखे रेल्वेच्या, गिरणीच्या, फौजेच्या मागे देशोधडी पांगलात, तुम्हीही गावाची आठवण काढताना हुरड्याचीच तेवढी काढता. मला हुरड्याच्या आधी तो गोठा आठवतो.

नवरा माझा फायरमन, रेल्वेच्या इंजिनात कोळसा घालणारा. झाशीच्या शेडजवळ आम्हाला क्वार्टर मिळालं. एक खोली, पुढे ओसरी, मागे नळ. दिवसभर शंटिंगच्या शिट्ट्या, आणि वाळत घातलेल्या पापडावर कोळशाची पूड. आधी मला तिथली बोली कळेना. भाजीवाली "बहू, ले लो" म्हणायची आणि मी तिच्या तोंडाकडे बघत बसायची. आता माझी पोरं माझ्याशी अर्धी हिंदी बोलतात. मीही "पाप्पा ड्यूटीवरून आले, जल्दी पाणी भर" म्हणते आणि मला काही वाटत नाही. पण एक गोष्ट मला फार दिवस कळेना. आमच्या लाईनीत शेवटच्या क्वार्टरमधल्या ड्रायव्हरच्या बायकोचं हे दुसरं घर. सगळ्यांना माहीत. तरी कुणाच्या घरी बारसं असलं की पहिलं बोलावणं तिला, कारण पाळणे तिच्याइतके गोड कोणी म्हणत नसे. पाळण्याची दोरी तिच्या हातात, आणि कोणाचंही पोर त्याने मेलं नाही. मी ते बघायची आणि घरी येऊन भांडी आपटायची.

माझी पहिली मुलगी झाली तेव्हा फडकी करायला मी ते लुगडं काढलं. पहिली चीर फाडायला दोन्ही हातांत धरलं, आणि हात चालेना. मायचं तोंड डोळ्यांसमोर आणून बघितलं, तर पदरच दिसला. ती कायम पदर ओढून, मान खाली घालून. तिच्या डाव्या गालावर काय होतं, तीळ होता की खळी, मला सांगता येईना. फोटो तर नाहीच. आबांना पाटीलकी मिळाली तेव्हा धुळ्याचा फोटोवाला घरी आला होता. सगळे अंगणात खुर्च्या मांडून बसले, बैलसुद्धा फोटोत आले. माय चुलीपाशी त्या सगळ्यांसाठी दूध तापवत होती.

तेव्हाच ठरवलं. या लुगड्याची गोधडी करायची, पण पांघरायची नाही. तिच्यावर मायचं तोंड काढायचं, अख्खं, पदर मागे सारून.

ठरवणं सोपं. कोळशाला आमच्याकडे तोटा नव्हता, म्हणून जुन्या चादरीवर कोळशाने तोंड काढायला घेतलं. काढलं, पुसलं, पुन्हा काढलं. एकदा नवरा ड्यूटीवरून आला, चादर बघून म्हणाला, "हे आबा ना?" पाहते तर खरंच, मायच्या तोंडाला आबांचा जबडा. इतका संताप आला की चादर तशीच नळाखाली टाकली. ज्या माणसाने तिला घरात जागा दिली नाही, तो तिच्या तोंडावरही येऊन बसला होता.

वाट दाखवली ती हमिदाबींनी. त्यांचा नवरा शेडमध्ये फिटर, माहेर बुऱ्हाणपूरचं, त्यामुळे आमची बोली त्यांना अर्धीमुर्धी कळायची. घरी बसून त्या परकर, सलवारी शिवायच्या. आधी हसल्या. "गुदडी पे अम्मा? ओढोगी कैसे?" मी म्हटलं, ओढायची नाही, भिंतीला लावायची. मग हसू आवरून म्हणाल्या, "हमारे यहाँ सूरत नहीं बनाते. कपडा मैं काट दूँगी. आँखें तुम बनाना." हे त्यांनी शेवटपर्यंत पाळलं. गाल त्यांनी कापला, हनुवटी कापली, नाकाची कड कशी दुमडायची ते शिकवलं. डोळ्यांच्या दिवशी मात्र सुई माझ्या हातात देऊन त्या आपल्या घरी भाकरी थापायला गेल्या.

रंगांचं कोडंही त्या लुगड्यानेच सोडवलं. नऊवारी लुगडं सगळीकडे सारखं विटत नाही. खांद्यावरचा भाग उन्हाने पांढुरका झालेला, त्यातून कपाळ निघालं. गुडघ्यावरचा घासून भुरका झालेला, ते गाल. निऱ्यांच्या आतला कपडा तसाच गडद राहिलेला, तो डोळ्यांखाली आणि हनुवटीच्या सावलीला लावला. डाव्या खांद्याला घागरीने विरलेली जागा होती. ती मी टाकून दिली नाही, मानेला लावली. खाली जुन्या धोतरांचे थर घालून वरून धावदोरा घातला, तोंडाभोवती गोल गोल, शेताला तास घालतात तसा. कडेने ज्वारीची कणसं, कपाशीची बोंडं आणि हिरव्या चिंधीच्या बांगड्या.

आणि मग मी मुद्दाम एक केलं. आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते, हे खान्देशाबाहेरच्यांना सांगावं लागतं. चौरंगावर कलश, कलशावर नारळ, आणि त्या नारळाला देवीचं तोंड करतात. मोठे पांढरे डोळे, नथ, कुंकू, गजरा. रविवारी बसवतात, सोमवारी वाजतगाजत नदीवर नेऊन बोळवतात. त्या दिवशी आमच्या घरची जमीन सारवायला माय, पितळ घासायला माय, पाणी भरायला माय. पूजेला अक्का. माय दाराच्या मागून बघायची. म्हणून मी गोधडीवरच्या मायला सगळं घातलं. मोठी मोत्यांची नथ, पावलीएवढं लालभडक कुंकू, पांढऱ्या चिंध्यांचा गजरा. डोळेही कानबाईसारखे मोठे केले, कारण तिचे खरे डोळे बारीक होते आणि लांबून दिसतच नव्हते. तुम्ही नारळाला जे देता ते मी हिला देते, हे माझ्या मनात होतं, आणि प्रत्येक टाक्याला होतं.

पुढच्या श्रावणात पास काढून, मुलीला कडेवर घेऊन मी गावी गेले. गोधडी मायला द्यायची होती. पण माय नदीवर गेलेली, आणि अक्काने माझी वळकटी आधी सोडली. गोधडी उलगडली आणि अक्काचा चेहरा असा उजळला की मी कधी बघितला नव्हता. "कानबाई शे ना वं हाई. कितली देखनी करेल शे." शेजारणींना हाका गेल्या. कोणी म्हणे, पोरगी लांब गेली पण कुळाला विसरली नाही. मी तोंड उघडेपर्यंत आबांनी खुंट्या ठोकल्यासुद्धा, आणि गोधडी चौरंगामागे, कानबाईच्या बरोबर पाठीशी टांगली गेली.

खरं सांगते, मग मी बोललेच नाही. मजा बघायची होती मला. संध्याकाळी आरती झाली. आबा पाया पडले. अक्काने गोधडीवरच्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं, पदर पसरून काहीतरी मागितलं. आबांची सगळी पोरं ओळीने डोकं टेकून गेली. माय दाराच्या मागे उभी होती. तिने गोधडीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पदर आणखी पुढे ओढला. तिला कळलं होतं.

सोमवारी सकाळी कानबाई उठवायची वेळ झाली. डफ वाजू लागला. अक्काने कलश उचलला आणि आबांनी खुंट्यांवरून गोधडी सोडवून घडी घालायला घेतली. मी म्हटलं, ती इथेच राहू द्या. आबा म्हणाले, "पूजा व्हयेल मूर्त घरमा ठेवता येत नही. पांझरामा सोडनी पडी."

माझं डोकंच फिरलं. पांझरा दुथडी भरलेली. माझे इतके महिने, मायचं लुगडं, मायचं तोंड, सगळं गढूळ पाण्यात. मी गोधडीचं दुसरं टोक धरलं आणि म्हटलं, "हाई कानबाई नही. हाई मनी माय शे. काल तुम्ही बठ्ठा तिना पाया पडनात."

डफ थांबला. सगळेच पडले होते. अक्काने आपला हात बघितला, ज्याने तिने हळद लावली होती, आणि तो आपल्या लुगड्याला पुसला. हो, पुसला. माझ्या डोळ्यांदेखत. मग म्हणाली, "इटाळ व्हयना. आते तं पांझरामाच टाका." म्हणजे देवी असेल तरी नदीत, आणि माय असेल तरी नदीत. मी नानांकडे बघितलं. नाना पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होते. तीच जमीन, कानबाई बसायच्या आधी मायने सारवलेली.

तेव्हा माय आत आली. मी जन्मल्यापासून कानबाई बसल्यावर तिला त्या खोलीत पाऊल टाकताना कोणी बघितलं नव्हतं. तिने पदर मागे टाकला. आबांच्या हातून गोधडी घेतली, कोणी अडवलं नाही, अडवायचं कोणाला सुचलंच नाही. ती चौरंगासमोर मांडी घालून बसली, गोधडी मांडीवर पसरली आणि मला म्हणाली, "कातर दे."

मला वाटलं, ही आता आपल्याच हाताने स्वतःला फाडणार. घाबरली, पुन्हा वाकली. मला तिचा इतका राग आला की कातर मी तिच्यापुढे टाकलीच. तिने आधी नथ उसवली, एकेक टाका, घाई न करता. मग कुंकू उसवलं, मग गजरा. सगळ्या चिंध्या अक्काच्या पूजेच्या ताटात नेऊन ठेवल्या. आबा म्हणाले, डोळे राहिले. तर मान न वळवता म्हणाली, "डोया ऱ्हाऊ दे. माले बी देखनं शे." आणि गोधडी दोन्ही हातांनी सगळ्यांसमोर धरली. "देवीनं देवीले दी टाकं. आते हाई मी शे."

डफवाल्याने आपणहून डफ वाजवायला घेतला आणि लोक निघाले. ताटातल्या चिंध्या फेकून द्यायची अक्काची हिंमत झाली नाही. त्या कानबाईबरोबर नदीत गेल्या. गोधडी घरात राहिली.

मी तिला म्हटलं, चल माझ्याबरोबर, आजच चल. म्हणाली, "म्हशीले कोन देखी?" एवढं करून दाखवलं आणि पुन्हा गोठा. तिचाही राग आला मला, खोटं कशाला सांगू, अजून येतो. गोधडी मात्र तिने ठेवून घेतली नाही. घडी करून माझ्याच काखेत दिली, म्हणाली, तिथे लाव, इथे लोक पाय पुसतील. यावेळी ती गाडीपर्यंत आली. पुढच्या दाराने आली.

ती गेल्याचं मला सगळं आटोपल्यावर कळलं. भुसावळकडच्या एका गार्डबरोबर निरोप आला. थांबायला वेळ नव्हता म्हणे. आबा गेले तेव्हा मुंबईहून माणसं येईपर्यंत दिवसभर थांबले होते. मी गेले नाही. कोणासाठी जायचं होतं?

आता लढाई संपली आहे, स्वराज्य येतंय म्हणतात, आणि झाशीच्या फलाटावर रोज नवी माणसं सामानसुमान घेऊन बसलेली दिसतात. त्या गर्दीतून परवा भगवान आला, अक्काचा धाकटा. दिल्लीला काही कामाला निघाला होता, वाटेत उतरला. मला कळेना हा कसा काय आठवण ठेवून आला. चहा पिऊन झाल्यावर मुद्द्यावर आला. अक्काला आता डोळ्यांनी फारसं दिसत नाही. तिची इच्छा आहे, की ती गोधडी घरी यावी. गावातल्या बाया अजून त्या कानबाईबद्दल बोलतात. "फक्त नथ परत शिवून दे," म्हणाला, "म्हंजे पूजाले चाली."

त्याला वळकटीसकट बाहेर फेकावंसं वाटलं. फेकलं नाही. त्याला हाताला धरून उठवलं आणि भिंतीसमोर उभं केलं. नथ उसवली तिथे सुईची भोकं अजून दिसतात, कपाळावर एक गोल थोडा गडद राहिलाय, बाकी तोंड विटत चाललंय. माझी पोरं तिला रोज "नानी" म्हणून जातायेता हात लावतात.

"कोन शे हाई?" मी विचारलं.

"कानबाई," म्हणाला.

"नीट देख. कोन शे?"

तो खिडकीकडे बघायला लागला, मग घड्याळाकडे. गाडीची वेळ झाली म्हणाला. मी दारात उभी राहिले. म्हटलं, गाडी सुटली तर दुसरी मिळेल, झाशीला गाड्यांना तोटा नाही. लहानपणी याला अंगाखांद्यावर खेळवलं ते मायने. गोवर निघाला तेव्हा कडुनिंबाचा पाला घेऊन उशाशी बसली ती माय. आणि याने तिला "ए" म्हटलं. मी हे सगळं त्याला सुनावलं, मोठ्याने सुनावलं, शेजारच्या क्वार्टरमध्ये ऐकू गेलं असेल. ऐकू दे.

तो पुन्हा गोधडीकडे वळला. मग टोपी काढून हातात घेतली आणि अगदी हळू म्हणाला, "काकी शे. मनी काकी."

पन्नाशीला टेकलेला माणूस, आणि तो शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघत होता. मी दारातून बाजूला झाले. गोधडी दिली नाही, देणार नाही. त्याला म्हटलं, अक्काला सांग, नारळाला तोंड करायला खुशाल नथी शिवा, हिला नथ नाही. बघायचं असेल तर इथे येऊन बघा.

मुलूख कोणता म्हणून इथे कोणी विचारलं, की पूर्वी मी धुळं सांगायची. आता झाशी सांगते. धुळ्याला मायसाठी गोठा होता, इथे भिंत आहे. भगवान गेल्यावर मी कप विसळले, पोरांच्या भाकरी टाकल्या आणि गोधडीची एक कड सुटली होती ती टाचून घेतली. टाचता टाचता तिच्याशी बोलले, आमच्या बोलीत, जी आता या घरात दुसऱ्या कोणाला नीट येत नाही. म्हटलं, मनं तोंड कोन देखस, म्हणायचीस ना? बठ्ठा देखतस, माय. अक्काना पोऱ्यानी बी देखं.